मागच्या रांगेतल्या ढोके मॅडम

ढोके मॅडमना गाता येत नव्हतं. हे मी आकसानं म्हणत नाही, त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. आमच्या दिग्रसच्या शाळेत सकाळी परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं की त्या शिक्षकांच्या ओळीच्या टोकाला उभ्या राहून नुसते ओठ हलवायच्या. नव्यानं आलेल्या मुख्याध्यापकांनी एकदा त्यांना टोकलं, "मॅडम, तुमचा आवाज येत नाही." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, माझा आवाज आला तं पोरं चाल विसरतीन." मुख्याध्यापकांना वाटलं, बाई टाळतायत. त्यांनी आग्रह केला. मॅडमनी एक ओळ म्हणून दाखवली. पुन्हा कधी आग्रह झाला नाही.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो आणि परिपाठाला पेटी वाजवत होतो. संगीत विशारद आहे. गळा चांगला आहे, हे जाणत्या माणसांनी सांगितलेलं आहे. तरीही आज दिग्रसमध्ये कुठं गाण्याचा विषय निघाला, तर लोक आधी ढोके मॅडमचं नाव घेतात. माझं नंतर घेतात, तेही कुणाला आठवलं तर. या गोष्टीचा मला कित्येक वर्षं त्रास झाला, आणि तो पूर्ण गेला आहे असं आजही म्हणवत नाही.

मॅडमचं पूर्ण नाव सुलोचना ढोके. भूगोल शिकवायच्या. माहेर मुकुटबनकडचं, झरी तालुक्यातलं. नवरा लवकर वारलेला, मुलगी पुण्यात. उंची बेताची, चालणं भरभर, आणि साडीवर कायम कॅनव्हासचे बूट. खांद्याला एक कापडी पिशवी असायची. त्यात वह्या कमी आणि वायरीचे तुकडे, चिकटपट्टी, मायकचे सेल हेच जास्त. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला लोक गाव विचारतात, पाणीपाऊस विचारतात. मॅडम विचारायच्या, "तुमच्या घरी गाते का कोणी? वाजवते का?" समोरचा माणूस आधी चपापायचा. मग म्हणायचा, "माझी काकू गाते. पण घरातल्या घरात." की मॅडमची पुढची विचारपूस सुरू. काकू कोणत्या गावात, गाडी किती वाजता, फोन कोणाकडं. उतरेपर्यंत काकूचा पत्ता त्यांच्याकडं असायचा.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती माझ्याच गाण्याच्या बैठकीत. आम्ही काही मंडळी मिळून वाचनालयाच्या माडीवर शास्त्रीय गाण्याची सभा चालवायचो. रात्री जेवणं आटोपली की सुरू व्हायची. एक डॉक्टर, एक वकील, निवृत्त झालेले दोघं-तिघं प्राध्यापक आणि त्यांच्या कुटुंबातलं कुणी. श्रोते थोडे होते, पण दर्दी होते. कुणी मधे खोकलं तरी बाकीचे वळून बघायचे. मला ते आवडायचं. माझा बाप शेतकरी. दर रविवारी पहाटेच्या एसटीनं मी यवतमाळला गुरुजींकडं जायचो. ते पूजेला बसलेले असले तर पायरीवर थांबायचो. कधी जेवण मिळायचं, कधी नाही. महिनोन्महिने नुसता षड्ज लावून घेतला त्यांनी. इतक्या कष्टानं जे हाती आलं, ते ऐकायला चार माणसं अदबीनं बसतात, यात मला माझ्या कष्टाचा मान वाटायचा.

मॅडम एका सभेला आल्या. शेवटच्या रांगेत बसल्या. मी त्या दिवशी मन लावून गायलो. उतरताना जिन्यात त्या भेटल्या तेव्हा मी थोडा थांबलो. नव्या माणसाकडून दोन शब्द ऐकावेत, अशी इच्छा असतेच.

"सर," त्या म्हणाल्या, "जिना लय उभा हाय हो."

मी म्हटलं, "हो, जुनी इमारत आहे."

"गुडघे दुखणारं माणूस येऊच नाही शकत. आन् रातच्याले तं बाया येतच नाहीत. गाडी नसते ना परत जाले."

एवढं बोलून त्या गेल्या. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "त्या भूगोलवाल्या बाई जिना मोजायला आल्या होत्या." बायको हसली. मी हसलो नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी जिन मिळवली. दिग्रस कापसाचं गाव. गावात कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंगचे कारखाने आहेत, त्यांतला एक केव्हाचा बंद पडला होता. यंत्रं विकली गेली होती. उरलं होतं ते पत्र्याचं लांबलचक शेड, भिंतींना चिकटलेली जुनी रुई आणि सरकीचा वास. मालकाचा नातू मॅडमच्या वर्गात होता. तेवढ्या ओळखीवर त्या शेठकडं गेल्या आणि महिन्यातला एक शनिवार मागून आल्या. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. दुपारी सुटलं की बाई पिशवी घेऊन थेट जिनमध्ये. आधी झाडलोट. मग फाटकापासून आतपर्यंतची वाट सारखी करून घेतली. सायकल, चाकाची खुर्ची, लेकराची गाडी, काहीही आत आलं पाहिजे, हा हट्ट. पुढच्या अंगाला सतरंजी, मागं खुर्च्या. खुर्च्या मंगल कार्यालयातून, लग्न नसेल त्या दिवशी.

नाव काही ठेवलं नाही. लोक आपसूक म्हणायला लागले, जिनमधला शनिवार.

वेळ दुपारी तीनची. स्टाफरूममध्ये मी हे ऐकलं तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, दुपारी तीनला कोणी गाणं ऐकतं का?"

त्या डबा बंद करत म्हणाल्या, "तांड्यावर मुक्कामाले जाणारी गाडी संध्याकाळी निघते, सर. त्याच्या आंदी सोडाव लागते लोकाईले." मग थांबून खरोखरच विचारल्यासारखं विचारलं, "काहून, दुपारचे राग नसतात का?"

असतात. सारंग आहे, भीमपलासी आहे, मुलतानी आहे. मी म्हटलं, असतात. बाकीचे शिक्षक चहा पीत होते. कुणाचं लक्षही नव्हतं, पण मला उगाच हरल्यासारखं झालं.

पहिल्या शनिवारी मी गेलो नाही. म्हणजे आत गेलो नाही. गाडी फाटकाबाहेर लावली आणि बाहेरूनच पाहिलं. जवळच्या तांड्यावरच्या बंजारा बायका आल्या होत्या, लेंगी म्हणायला. ही होळीची गाणी, एरवी तांड्याच्या बाहेर कुणी म्हणत नाही. त्यांच्यातली पुढारी जमनाबाई नावाची वयस्क बाई काही केल्या उभी राहीना. ढोके मॅडम तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या होत्या. तिला "याडी" म्हणत होत्या. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. "याडी, कोणासाठी नको म्हणू. ह्या तुझ्या पोरीसाठी म्हण," असं काही चाललं होतं. जमनाबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि बसल्या जागीच सुरुवात केली. मग बाकीच्या उठल्या. गोल धरला.

मी बाहेर उभा राहून दोष मोजत होतो. स्वर वर सरकतोय. लय पळतेय. सगळे दोष खरे होते. पण आतमध्ये बसायला जागा नव्हती, हेही खरं होतं. आमच्या सभेला ज्या माणसांना मी स्वतः आमंत्रण देऊन थकलो होतो, ती दुपारच्या उन्हात इथं हजर होती. आमचा वकीलही होता. वकिलाला बघून मी गाडीला किक मारली.

मग दर महिन्याचं हेच झालं. भीमगीतं गाणारी आर्णीकडची दोन भावंडं. गावात उरुसाला आणि लग्नात गाणारे सलीमभाई कव्वाल. पोतराजाच्या घरातला डफ वाजवणारा. भिंतीवर माती-शेणानं चित्रं काढणाऱ्या दोन जावा, त्यांनी शेडची एक अख्खी भिंत रंगवली आणि लोक ती बघायला नंतरही येत राहिले. मॅडमच्या दोन गोष्टी ठाम होत्या. पहिली, कलावंताला मानधन कार्यक्रमाच्या आधी आणि हातात. ते पैसे त्या कोणकोणत्या दारी फिरून जमवत, ते त्यांनाच माहीत. सत्कार, शाल, श्रीफळ यांना त्यांचा साफ विरोध. एकदा नगरपालिकेतल्या कुणीतरी सुचवलं, निदान शाल तरी द्या. मॅडम म्हणाल्या, "मे महिन्यात शाल घेऊन तो माणूस काय करन, भाऊ?" दुसरी गोष्ट, त्या स्वतः कायम शेवटच्या रांगेत बसत. पुढची खुर्ची कुणी दिली तरी नाही. "मांगच्याले आयकू आलं पाह्यजे," हे त्यांचं पालुपद. मायकवाल्याला हात करून आवाज वर-खाली करायला लावत. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीनं मान हलवली की मगच त्या टेकून बसत.

एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर यायचे. कान पूर्ण गेलेले. ते खुर्ची ओढून स्पीकरच्या लाकडी खोक्याला खेटून बसत आणि तळहात खोक्यावर ठेवून ठेवत. मी एकदा वैतागून मॅडमना म्हटलं, "यांना काय कळत असेल?" मॅडम म्हणाल्या, "मीबी इचारलं त्याईले. ते म्हणे, आयकू नाही येत, पण लागते."

आमच्या माडीवर हळूहळू डॉक्टर आणि मी असे दोघंच उरलो. डॉक्टर गेले बदलून. सभा बंद पडली.

आणि मग आईचं झालं.

माझी आई अर्धांगवायूनं घरात पडून होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं मात्र खणखणीत. दवाखाना सोडला तर ती बाहेर पडतच नव्हती. मॅडम एकदा शाळेचं काही काम घेऊन घरी आल्या आणि सवयीप्रमाणे आईच्या खाटेशी बसल्या.

"माय, गाण्याची आवड हाय का तुमाले?"

"हाय ना. माझा दिनकरच गाते."

"मंग तं मज्जा हाय तुमची. रोज आयकाले भेटत असन."

"कायचं भेटते. दार लावून गाते तो."

मी शेजारच्या खोलीत होतो. रियाजाला दार लावावंच लागतं. आवाज बाहेर गेला तर आपलं लक्ष बाहेर जातं, हे गुरुजींनी शिकवलेलं. पण हे खाटेवरच्या आईला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या क्षणी आत जाऊन सांगणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या शनिवारी मॅडमनी सामान वाहणारा ऑटो पाठवला. मागचं फळकूट खाली पाडलं की खुर्चीसकट माणूस आत चढवता यायचा. त्यात गादी घातलेली, वर ताडपत्री. मी विरोध केला. आईनं विचारलं, "तुले काय त्रास हाय?" बायको तिच्यासोबत गेली. मी घरी थांबलो. घरात इतकं शांत मी कधी अनुभवलं नव्हतं. पेटी काढली, दार उघडंच होतं, पण वाजवावंसं वाटेना.

त्या दिवशी सलीमभाईंची कव्वाली होती. आई परत आली तेव्हा तिचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता. कित्येक महिन्यांत तिला मी असं पाहिलं नव्हतं. जेवताना म्हणाली, "त्या सलीमचा आवाज कसा मोकळा हाय, नाही?" झोपताना पुन्हा म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली तर तिलाही तेच. "लय मोकळा गाते. छातीतून गाते."

मी सलीमभाईंना ओळखत होतो. भला माणूस. रस्त्यात दिसले की "मास्टर" म्हणून हात उंचावायचे. त्या आठवड्यात मला त्यांचा चेहरासुद्धा बघवेना. बाजारात ते दिसले तर मी गल्ली बदलायचो. पण खरी आग होती ती ढोके मॅडमबद्दल. या बाईला सा लावता येत नाही, आणि माझ्याच आईला गाणं हिनं ऐकवलं. जन्मभर एका छपराखाली राहून मला जे सुचलं नाही, ते हिला खाटेशी बसल्या बसल्या सुचलं. मी जे उपाशी राहून मिळवलं, ते ही दुपारच्या चहाबरोबर वाटते. आणि लोक घेतात.

मॅडम मला दर महिन्याला विचारत. हजेरी घ्यावी तसं. "सर, या महिन्यात गाता का?" मी दर महिन्याला नाही म्हणायचो. तानपुरा नाही, शांतता नाही, लेकरं रडतात, पत्रा तापतो. त्या "बरं" म्हणायच्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायच्या. त्यांच्या आवाजात ना राग, ना टोमणा. याचाही मला राग येई.

शेवटी आईनंच विचारलं, "बाबू, तुले तिथं बलावत नाहीत का?" आपल्या मुलाला कुणी बोलावत नाही असं वाटून तिचा चेहरा पडला होता. मग मला जावं लागलं.

मॅडमना मी अटी घातल्या. चहाचे कप वाजायला नकोत. कुणी मधे उठायचं नाही. लहान मुलं नकोत.

"चहा नंतर देऊ. उठू नका म्हून सांगतो मी सर्व्याइले. पण लेकरं राह्यतीन, सर. लेकरं सोडून बाया कोठी ठेवतीन?"

मी भीमपलासी घेतला. हिवाळ्याची दुपार होती, पत्रा तापला नव्हता. पण वर कबुतरं होती. आलापी सुरू होताच एक बाळ रडायला लागलं आणि त्याची आई त्याला थोपटत शेडभर फिरू लागली. मी डोळे मिटले. माडीवरच्या सभेत मी असा कधी गायलो नव्हतो, म्हणजे इतका चिडून. चिडून गाताना आवाज मोठा लागला. मग केव्हातरी बाळ गप्प झालं, किंवा मला ऐकू येईनासं झालं. डोळे उघडले तेव्हा आई पुढं खुर्चीत होती, मान एका बाजूला कलती, डोळे माझ्यावर. सतरंजीवर जमनाबाई होत्या. ते ड्रायव्हर खोक्यावर हात ठेवून बसले होते. काही माणसं ऐकत होती, काही नुसती बसली होती, पण उठत कुणी नव्हतं. दर्दी माणसं वाहवा करतात त्या जागांवर इथं कुणी वाहवा केली नाही. भलत्याच एका साध्या जागेवर मागून कुणी बाई "आई गं" म्हणाली.

मी शेवटच्या रांगेत पाहिलं. सगळं केलं होतं ते एका माणसाला ऐकवायला, हे मला त्या क्षणी कळलं. ढोके मॅडम झोपल्या होत्या. मान मागं टाकून, तोंड किंचित उघडं, पिशवी पोटाशी धरून, गाढ.

कार्यक्रम संपल्यावर लोक भेटले. सलीमभाईंनी मिठी मारली. मी वाट काढत थेट मागं गेलो.

"मॅडम, झोपला होता तुम्ही."

त्या ओशाळल्या नाहीत. डोळे चोळत म्हणाल्या, "हो सर, डोया लागला. मायक बंद करून टाकला होता ना तुमचा. तरी आवाज मांगपर्यंत सुदा येऊन राह्यला होता. मंग मले काही काळजीच नव्हती."

ही स्तुती होती की काय, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. घरी येताना ऑटोत आई म्हणाली, "चांगला गायला. सलीम थोडा मोठ्यानं गाते." आई त्यानंतरही दोन-चार शनिवारांना गेली. पुढच्या पावसाळ्यात ती वारली.

मग मॅडमना जिल्ह्याचा एक सन्मान मिळाला. कलाक्षेत्रातल्या योगदानासाठी. यवतमाळला समारंभ होता. शाळेकडून मला सोबत पाठवलं. निवेदक व्यासपीठावरून सांगत होता, कलेची थोर उपासक वगैरे. मी तिसऱ्या रांगेत बसून निमंत्रणपत्रिकेच्या घड्या घालत होतो. मॅडम बूट घालून व्यासपीठावर गेल्या. शाल, श्रीफळ, मानचिन्ह घेतलं, नमस्कार केला आणि उतरल्या. भाषण केलं नाही.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. दुपार होती, खिडकीतून ऊन थेट अंगावर येत होतं. मॅडमनी ती शाल खिडकीच्या गजांत खोचली आणि सावली केली. दारव्ह्याच्या पुढं गाडी गेल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक, मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी कोणाचा हेवा वाटत नाही?"

"वाटते ना," त्या लगेच म्हणाल्या. "ज्याले ज्याले गाता येते, त्या सर्व्याइचा."

मी त्यांच्याकडं वळून बसलो.

"माहे बाबा जलशात ढोलकी वाजवत. गावोगाव जात. दोन्ही भाऊ कोरसमंदी. मले लय हौस. पण मी तोंड उघडलं का सर्वे बिघडत. मंग बाबानं सांगतलं, सुली, तू मांग जाऊन बस. मी मांग बसो, लोकाइच्याबी मांग. तिथं काही आयकूच येत नव्हतं. नुसती डोकी दिसत. बाबा वाजवून राह्यले हे दिसे, पण आवाज वाऱ्यावर जाय. लय रडो मी."

कंडक्टर आला, गेला.

"तुमी परिपाठाले सूर लावता ना, सर, तवा मले तुमचा राग येते. आताबी येते. वाटते, ह्या माणसाजवळ हाय, आन् हा दार लावून बसते."

हे त्या हसत म्हणाल्या नाहीत, आणि माझ्याकडं बघूनही म्हणाल्या नाहीत. शाल वाऱ्यानं सुटत होती, ती नीट खोचत म्हणाल्या. इतकी वर्षं मी ज्या बाईवर जळत होतो, ती तितकीच वर्षं माझ्यावर जळत होती. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण दिग्रसचा फाटा येईपर्यंत माझ्या मनात दुसरंच काही येऊन बसलं. तिच्या हेव्यातून एक आख्खं शेड भरलं. माझ्या हेव्यातून एक बंद खोली. तिचा हेवासुद्धा माझ्यापेक्षा कामाचा निघाला, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

निवृत्त झाल्यावर मॅडम पुण्याला मुलीकडं जातील, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या गेल्या मुकुटबनकडं, भावाच्या गावी. निरोपाला स्टाफरूममध्ये पोहे झाले. जिनमधला शनिवार थांबला नाही. सलीमभाई, तांड्यावरच्या बायका आणि आम्ही शाळेतले दोघं-तिघं मिळून चालवतो. मीही अधूनमधून गातो. आमचं ठीक चालतं. पण बाहेरगावचा माणूस आला की विचारतो, "ढोके मॅडमचा कार्यक्रम तो हाच का?" मी हो म्हणतो.

गेल्या वर्षी शाळांच्या गायन स्पर्धेला परीक्षक म्हणून मला मुकुटबनला जावं लागलं. स्पर्धा दुपारपर्यंत आटोपली. परत येताना ड्रायव्हरनं पाणी भरायला एका पोडाशी, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीशी, जीप थांबवली. लहानसा पोड, मधे मोकळं अंगण, कडेला मोहाची झाडं. अंगणात बायकांनी हातात हात धरून गोल केला होता आणि एक म्हातारा ढोल वाजवत होता. कार्यक्रम नव्हता, मायक नव्हता, बघणारं कुणी नव्हतं. त्यांचं त्यांचं चाललं होतं.

त्या गोलात ढोके मॅडम होत्या. केस बरेच पांढरे झालेले. पदर कमरेला खोचला होता. एका बाजूला एक म्हातारी आणि दुसऱ्या बाजूला एक तरुण पोर, दोघींनी त्यांचे हात घट्ट धरले होते. पावलं चुकत होती. सगळ्या डावीकडं झुकत तेव्हा मॅडम उजवीकडं जात, आणि म्हातारी त्यांना ओढून पुन्हा रांगेत आणी. बायका गाता गाता हसत होत्या. मॅडमचंही तोंड उघडं होतं, आणि या वेळी त्या नुसते ओठ हलवत नव्हत्या. गात होत्या. जीपपर्यंत त्यांचा आवाज वेगळा ओळखू येत होता, सगळ्यांच्या खाली कुठंतरी, भलत्याच सुरात. त्यांना थांबा म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

हाक मारावी असं मनात आलं. मारली असती तर त्या आल्याही असत्या, घरी नेलं असतं, चहा दिला असता, आणि हा गोल मोडला असता. मी जीपमध्येच बसून राहिलो. मॅडमना मागं न बसवता हात धरून ठेवणाऱ्या त्या म्हातारीकडं बघत होतो. तिला मी ओळखत नव्हतो, तिचं नावगाव मला कधी कळणारही नव्हतं. पण आयुष्यात कुणाचा हेवा वाटला नसेल इतका त्या वेळी मला तिचा वाटला.

ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन आला. "सर, निघू का?"

"थांब थोडा," मी म्हटलं. "एक फेरा होऊ दे."

गोल फिरत फिरत मॅडमचं तोंड आमच्या बाजूला आलं. उन्हानं त्यांनी डोळे बारीक केले होते. मी दिसलो नसेन. मग गोल पुढं सरकला आणि त्यांची पाठ दिसली.